गजरा हत्तीण आणि दोन अंगरख्यांचा माहूत

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना टक्कल पडलं नव्हतं आणि राजांना रिकामा वेळ फार असे. अशाच एका राजाला कुणीतरी सांगितलं, की दूरदेशीचे राजे रानातली जनावरं पकडून आणतात, त्यांना पिंजऱ्यात ठेवतात, खेळ शिकवतात आणि प्रजेला दाखवतात. झालं! राजाच्या डोक्यात किडा वळवळला. नगराबाहेर उंच भिंत उठली. आत पिंजरे बसले, पशुबाग उभी राहिली. वाघ आला, अस्वल आलं, माकडं तर काय, हवी तेवढी मिळाली. पण राजाला हवा होता हत्ती, आणि तोही नुसता उभा राहून कान हलवणारा नव्हे. सलाम करणारा, तिवईवर चढणारा, सोंडेनं घंटा वाजवणारा हत्ती.

मग रानात खड्डा खणला, वर फांद्या आणि पाला पसरला, आणि एक तरुण हत्तीण त्यात पडली. तिचा कळप ओरडत खड्ड्याभोवती बराच वेळ घुटमळला. शेवटी मशालींना आणि ढोलांना भिऊन तो निघून गेला. हत्तिणीला नगरात आणलं, साखळीला बांधलं आणि तिचं नाव गजरा ठेवलं.

तिला शिकवायचं काम हैबती माहुताकडे आलं. हैबतीचे आजे-पणजे हत्तीच्या मानेवर बसूनच म्हातारे झालेले. माणूस हुशार, अंगानं काटक, कामाला वाघ. खोड एकच होती. आपल्या नावाशेजारी दुसऱ्याचं नाव आलेलं त्याला खपत नसे.

आता त्या राज्यातल्या माहुतांची एक जुनी रीत ऐका. नवा हत्ती शिकवायचा तर दोन माणसं लागत, एक मारणारा आणि एक चारणारा. मारणारा परगावाहून यायचा. तो अंकुश टोचायचा, दोर आवळायचा, उपाशी ठेवायचा. चारणारा ऊस घेऊन यायचा, जखमेला तेल लावायचा, आणि पुढे तोच जन्माचा माहूत व्हायचा. हत्ती शिकला, की मारणाऱ्यानं वेशीबाहेर पडायचं आणि पुन्हा त्या हत्तीसमोर कधी यायचं नाही. हत्तीचा डूख त्याच्याबरोबर गावाबाहेर जातो, असं जुनी माणसं म्हणत. रीत फार चांगली होती असं नाही. मार तो मारच. पण निदान मारणारा पुन्हा ऊस घेऊन समोर उभा राहत नसे.

हत्ती पहिल्यांदा खेळाला निघाला, की भालदार त्या दोघांच्याही नावाचा पुकारा करत. हैबतीला सलत होतं ते हेच.

"औंदा मारनारा बोलवायचा न्हाई," त्यानं बायकोला सांगितलं. "दोन्ही कामं मीच करनार."

त्याची बायको सगुणा ही माहुताचीच लेक. ती भाकरी थापता थापता थांबली.

"आसं करू नका," ती म्हणाली. "मोठ्या मान्सांनी रीत पाडली ती काय उगीच?"

"आगं, जनावराला काय कळतंय? आंगरखा बदलला की मानूस बदलला. सकाळी लाल घालीन, दुपारी पांढरा घालीन. तिला वाटंल, दोन मान्सं हाईत."

"आन् कळलं तर?"

"कळाया ती काय तुझ्यावानी हाय?" हैबती हसला. सगुणा हसली नाही. तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच.

दुसऱ्या दिवसापासून शिकवण सुरू झाली. सकाळी हैबती लाल अंगरखा घाली, तोंडाला काजळी लावी, पायात वाजणारा वाळा चढवी आणि घोगरा आवाज काढून गजरेवर धावून जाई. कानामागच्या मऊ जागी अंकुश रुते. गुडघे टेकेपर्यंत दोर आवळले जात. ती ओरडे तेव्हा पिंजऱ्यातली माकडंसुद्धा गप्प होत. दुपारी हाच हैबती तोंड धुऊन, पांढरा अंगरखा घालून, उसाची मोळी घेऊन येई. आवाज कसा, तर लोण्यासारखा. तिच्या जखमांना तो हळद आणि तेल लावी आणि वर विचारी, "कुनी गं मारलं माझ्या बायेला? येऊ दे मेल्याला, बघतोच त्याच्याकडं!"

गजरा सोंड लांब करी. त्याच्या तळव्याचा, मनगटाचा, गळ्याचा वास घेई. मग हळूच ऊस उचले.

"बघितलंस?" तो घरी येऊन सांगे. "मला बाप मानती ती."

दसऱ्यापर्यंत गजरा तयार झाली. भालदारांनी एकट्या हैबतीच्या नावाचा पुकारा केला आणि राजानं त्याच्या उजव्या हातात चांदीचं कडं घातलं. पशुबागेत लोकांची रीघ लागली. गजरा गुडघे टेकून सलाम करी. तिवईवर चारही पाय गोळा करून उभी राही. खेळ नसे तेव्हा ती साखळीला बांधलेली असे आणि जागच्या जागी डोलत राही, इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर. "बघा, बघा, नाचतेय!" असं म्हणत लोक टाळ्या पिटत. रानातल्या हत्तीला असं डोलताना कुणी पाहिलं नव्हतं, पण रानात जाऊन बघतो कोण?

लाल अंगरखा हैबतीनं मैदानाच्या कडेला खुंटीवर टांगून ठेवला होता. गजरेनं जरा हयगय केली, की तो पांढऱ्या अंगरख्यातूनच त्या खुंटीकडे बोट दाखवी. ती लगेच वळणावर येई. हैबतीला वाटे, काय युक्ती काढली आपण!

एकदा राजाकडे पाहुणे आले. त्यांनी खेळ पाहिला, माना डोलावल्या, पण हवं तसं कुणी तोंडात बोट घातलं नाही. राजाला ते लागलं. त्यानं हैबतीला बोलावून सांगितलं, "यंदाच्या दसऱ्याला हत्तीण माणसाच्या डोक्यावर पाय धरू दे. टेकवायचा नाही, फक्त धरायचा. लोकांचा श्वास अडकला पाहिजे."

हैबतीनं भोपळा ठेवून सराव सुरू केला. "उचल" म्हटलं की गजरेनं पाय उचलून भोपळ्यावर धरायचा. "मागं" म्हटलं की मागे घ्यायचा. मधल्या वेळात पाय हलता कामा नये. एकदा तिचा पाय भरून आला आणि "मागं" म्हणायच्या आतच तिनं तो खाली टेकवला. भोपळा फुटला. त्या दिवशी लाल अंगरख्यानं तिला इतकं मारलं, की अंकुशाची दांडी मोडली. त्यानंतर एकही भोपळा फुटला नाही.

राजा बघायला आला. खूश झाला. "पण खाली निजणार कोण?" त्यानं विचारलं.

हैबतीची जीभ नको तिथे सैल सुटली. "महाराज, माझी लेक बकुळा बी निजंल निर्धास्त! हत्तीण घरचीच हाय आमची."

"वा!" राजा म्हणाला. "मग तीच निजू दे."

राजाच्या तोंडून शब्द गेला, म्हणजे तो दगडावर कोरला गेला. सगुणानं ऐकलं तेव्हा तिच्या हातातली घागर सुटली. तिनं लेकीला पोटाशी धरलं आणि नवऱ्याकडे पाहत राहिली. हैबती तिची समजूत घालत म्हणाला, "खुळी का काय तू? गजरी माझ्या शब्दाभाईर हाय व्हय?"

तेव्हा त्याला खरोखरच भीती वाटत नव्हती. भीती आली ती दसरा तोंडावर आला तेव्हा, आणि आली तीही एका थट्टेतून.

पशुबागेच्या दारावर एक पहारेकरी होता, फार टवाळ. हैबती पांढऱ्या अंगरख्यात गजरेसमोर ऊस सोलत बसला होता. पहारेकऱ्याला लहर आली. त्यानं खुंटीवरचा लाल अंगरखा अंगात चढवला, तोंडाला काजळी फासली, वाळा वाजवत आणि घोगरं ओरडत तो थेट गजरेच्या अंगावर धावून गेला.

"आरं, मागं फिर! बिथरंल ती!" हैबती ओरडला.

गजरा बिथरली नाही. ती जागची हललीसुद्धा नाही. तिनं सोंड पुढे केली, लाल बाहीवरून फिरवली, पहारेकऱ्याच्या मानेजवळ नेली, एकदा फुर्र केलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. जणू वाटेवरचं बाभळीचं खोड.

मग तिनं सोंड हैबतीकडे वळवली. त्याच्या तळव्याचा वास घेतला. मनगटाचा, गळ्याचा घेतला. आणि पांढरा अंगरखा घातलेल्या, हातात ऊस धरलेल्या हैबतीसमोर ती थरथरू लागली. तिचे कान अंगाला चिकटले, पायांमधून मुताची धार लागली, आणि कुणी न सांगताच तिनं गुडघे टेकले.

पहारेकरी हसत होता. हैबतीच्या हातातला ऊस मात्र गळून पडला. हत्ती माणसाला डोळ्यांनी ओळखतो थोडाच? तो ओळखतो सोंडेनं. सात पिढ्या हत्तींबरोबर काढलेल्या घरातल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? पण मानाची हाव लागली, की माणूस ठाऊक असलेलंही विसरतो.

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सकाळी कोण मारतं आणि दुपारी हळद लावून कोण विचारतं, कुनी गं मारलं माझ्या बायेला, हे सगळं तिला ठाऊक होतं. आणि तरी ती त्याच्या हातून ऊस घेत राहिली होती, सलाम करत राहिली होती.

त्या क्षणापासून हैबतीच्या जिवाला घोर लागला. गजरेनं सोंड खांद्यावर ठेवली, की तो अंग चोरून घेई. ही मायेनं ठेवली, की गळा कुठे आहे ते चाचपतेय? तिच्याकडे पाठ करायला तो धजेना. ती डोलायची, तो बघत राहायचा. त्याला वाटे, ही वाट बघतेय. आणि जिच्या डोक्यावर हिचा पाय येणार, ती आपली बकुळा अंगणात भातुकली मांडून बसली आहे.

शेवटी तो राजवाड्यावर गेला आणि राजाच्या पायांवर पडला. "महाराज, पोरीला सोडा. हत्तिणीचा भरवसा न्हाई मला."

राजा झोपाळ्यावर बसला होता. त्यानं हसत हसत विडा पुढे केला. "घे हैबती, विडा घे. तू आमचा लाडका माहूत. पण एक लक्षात ठेव, दवंडी पिटून झाली आहे. कडं देणारा हात ते काढूनही घेऊ शकतो. मनगटासकट."

हैबतीनं विडा घेतला. त्याला कळायच्या आत त्याचे गुडघे टेकले गेले, मान झुकली, आणि ओठांवर हसू आलं. "जी महाराज. महाराजांची किरपा." आणि तेवढ्यातच त्याच्या काळजात लख्ख झालं. राजाला या वेळी काय दिसत असेल? एक कृतज्ञ, प्रेमळ नोकर. आणि आपल्या आत काय आहे? गजरेचा सलाम असाच होता. अगदी हाच.

विडा तोंडात कडू लागला. तरी धीर करून तो म्हणाला, "महाराज, मग पोरीऐवजी मी निजतो."

राजानं जरा विचार केला. "बरं. तू नीज. पण खेळ फसला, तर पुढच्या खेपेला पोरगीच."

दसऱ्याच्या दिवशी माणसांवर माणसं चढली होती. ढोल वाजत होते. सगुणा बकुळेला घेऊन कडेला उभी होती, आणि तिनं लेकीचे डोळे आपल्या पदरानं झाकले होते. हैबती वाळूवर उताणा निजला. त्यानं हत्तिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "उचल."

पाय वर आला. आभाळ झाकलं गेलं. हैबतीला तळव्याच्या भेगा दिसल्या, त्यात रुतलेला खडा दिसला. ढोल थांबले. लोकांचा श्वास अडकला, राजाला हवा होता तसाच. आता एकच शब्द बोलायचा होता. मागं.

हैबतीनं तोंड उघडलं, पण घशातून काही बाहेर येईना. जीभ टाळूला चिकटली होती. आता ही सूड घेणार, आता घेणार, एवढंच त्याच्या डोक्यात वाजत होतं. त्यानं जीव मुठीत धरून तिच्या डोळ्यात पाहिलं.

त्या डोळ्यात राग नव्हता. तो डोळा हैबतीच्या उजव्या हातावर खिळला होता. तो हात आता कधी उठेल आणि घाव कुठे बसेल, एवढंच ती बघत होती. तिचा उचललेला पाय थरथरत होता, उरलेले तीन पाय थरथरत होते. हुकूम आल्याशिवाय पाय खाली घेतला तर काय होतं, हे तिला शिकवलेलं होतं. शिकवणारा खाली निजला होता, आणि भीतीनं त्याचीच वाचा बसली होती.

"बोला की हो!" सगुणा किंचाळली. "बोला!"

हैबतीचे ओठ हलले. आवाज आला नाही. गजरेच्या तोंडून एक बारीक कण्हणं निघालं, एवढ्या मोठ्या देहातून येईल असं कुणाला वाटलं नसतं. तिनं अंग एका बाजूला झुकवलं, पाय जमेल तेवढा त्याच्या डोक्यापासून दूर नेला. आणि मग तो पाय खाली आला. हैबतीच्या उजव्या हातावर आला. चांदीचं कडं, मनगट आणि वाळू एकच झाली.

आता हैबतीच्या तोंडून आवाज फुटला. लोकही ओरडले. पण पुढे जे झालं, ते पाहून सगळं मैदान गप्प झालं. हत्तीण पळाली नाही, कुणावर धावली नाही. ती दोन पावलं मागे सरली, तिनं वाळूत गुडघे टेकले, कान पाडले, डोळे मिटले, आणि कानामागची मऊ जागा हैबतीकडे केली. ती मार खायची वाट बघत होती.

एका बाईनं आपलं मूल उचललं आणि ती निघाली. मग दुसरी निघाली. बघता बघता मैदान रिकामं झालं.

राजानं तोफ आणायला सांगितलं. तेव्हा रक्तात पडलेला हैबती सगळ्यांदेखत म्हणाला, "तिला मारू नका. तिचा गुन्हा न्हाई. हुकूम म्या दिला न्हाई. मारनारा मीच, चारनारा बी मीच. तिला आदीपास्नं ठाव हुतं."

राजाला दया आली असं काही सांगता येत नाही. पण त्या दिवसानंतर पशुबागेकडे कुणी फिरकेना. आयाबाया मुलांना तिकडचा रस्तासुद्धा दाखवीनात. आणि ज्या खेळाला बघे नाहीत, तो राजाला काय कामाचा? "घेऊन जा ती हत्तीण, हवी तिथे सोड," असं म्हणून तो नव्या छंदाला लागला. बकुळेचं नावही पुन्हा कुणी काढलं नाही.

हाताची जखम भरल्यावर हैबती गजरेला घेऊन रानाच्या कडेला गेला. सगुणा बरोबर होती. डाव्या हातानं त्यानं साखळी काढली आणि मऊ आवाजात म्हणाला, "जा बाये. सुटलीस तू. तुझी मान्सं तिकडं असतील."

गजरा हलली नाही. साखळी नव्हती, तरी ती जागच्या जागी डोलू लागली. त्यानं तिच्या सोंडेवर हात फिरवला, तशी ती थरथरली. तो रडला, त्यानं हात जोडले, तिची माफी मागितली. तिला यातलं काही कळलं असेल तर देव जाणे. हा माणूस गोड बोलतोय, म्हणजे पुढे काहीतरी येणार, एवढंच ती शिकली होती.

सूर्य कलायला लागला. सगुणा हळूच म्हणाली, "तिला तुमचा गोड सबूद खराच वाटत न्हाई. तिला खरा वाटतो तसाच बोला."

हैबतीला दुसरा उपाय दिसेना. त्यानं वाटेवरची काठी उचलली आणि घोगरा आवाज काढून तो तिच्यावर ओरडला, "चल! हो म्होरं!"

गजरा दचकली आणि निघाली. झाडांमागे दिसेनाशी होईपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिला मोकळं करतानाही हैबतीजवळ धाकाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. तो काठी टाकून तिथेच खाली बसला. पुढे घरी आल्यावरही, कुणी मान लववून त्याच्याशी गोड बोललं, की तो आधी त्याच्या हातांकडे बघे.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: धाकानं वाकवलेली मान म्हणजे माया नव्हे, आणि जो दुसऱ्याला धाकात ठेवतो, तो स्वतःही कधी निर्धास्त झोपत नाही.